सर्वात जास्त मतं मिळूनही नेता पडला! ऑस्ट्रेलियातलं 'पसंतीक्रम' मतदान आणि मतदारसंघाच्या सीमांचं गणित समजून घ्या

३ मे २०२५. ऑस्ट्रेलियात संसदेची निवडणूक झाली. मेलबर्न मतदारसंघातून ग्रीन्स पक्षाचे नेते अॅडम बँट उभे होते. २०१० पासून ही जागा सलग त्यांच्याकडे होती. मतमोजणी सुरू झाली आणि पहिल्या पसंतीच्या मतांमध्ये बँट पुढे होते. त्यांना जवळपास ४० टक्के मतं, तर लेबर पक्षाच्या सारा विटी यांना ३१ टक्क्यांच्या आसपास.

आपल्याकडे असती तर इथेच गुलाल उधळला असता. पण काही दिवसांनी बँट यांनी पराभव मान्य केला आणि विटी खासदार झाल्या.

यात ना ईव्हीएमचा वाद होता, ना घोटाळ्याचा आरोप. हा निकाल नियमानुसारच लागला. त्यामागे दोन नियम होते. पहिला म्हणजे, ऑस्ट्रेलियात मतदार एका उमेदवारापुढे खूण करत नाही, सगळ्यांना क्रमांक देतो. दुसरा म्हणजे, निवडणुकीच्या आधी मेलबर्न मतदारसंघाची सीमा बदलली होती. ग्रीन्सचा जोर असलेला उत्तरेकडचा काही भाग शेजारच्या मतदारसंघात गेला आणि नदीपलीकडचा साऊथ यारा, प्राहरान हा भाग मेलबर्नला जोडला गेला. नव्या सीमांवर जुनी मतं मांडून पाहिली, तर ग्रीन्सची आघाडी आधीच कमी झालेली दिसत होती. त्यात या वेळी त्यांची मतंही घटली.

मत कसं मोजायचं आणि कुणाची मतं एकत्र मोजायची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकशाही समजून घ्यायची तर दोन्ही माहीत हव्यात. भारतात मतदारसंघ पुनर्रचनेची चर्चा सुरू असताना तर नक्कीच.

पसंतीक्रम मतदान म्हणजे नेमकं काय?

ऑस्ट्रेलियाच्या संसदेत दोन सभागृहं आहेत. आपल्या लोकसभेसारखं कनिष्ठ सभागृह म्हणजे हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज. त्यात सध्या १५० जागा आहेत आणि प्रत्येक मतदारसंघातून एकच खासदार निवडला जातो. सरकार याच सभागृहात ठरतं.

मतदाराच्या हातात कागदी मतपत्रिका येते. प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे एक रिकामा चौकोन असतो. आवडत्या उमेदवाराला १, तो नसेल तर कोण चालेल त्याला २, त्यानंतर ३, असं करत सगळे चौकोन भरायचे. आठ उमेदवार असतील तर १ ते ८ आकडे लिहायचे.

जिंकायला नुसतं 'सर्वात जास्त' असून भागत नाही. वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. पहिल्याच फेरीत कुणी ती गाठली तर तो जिंकला. नाही गाठली, तर सर्वात कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यावरच्या पुढच्या पसंतीनुसार इतरांना वाटल्या जातात. कुणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालतं.

एक उदाहरण पाहू

समजा, एका मतदारसंघात १,००० वैध मतं पडली. चार उमेदवार आहेत. जिंकायला किमान ५०१ मतं हवीत.

पहिली फेरी:
- अ : ४००
- ब : २९०
- क : २१०
- ड : १००

कुणीच ५०१ गाठले नाहीत. ड सर्वात मागे, म्हणून ड बाद. त्याच्या १०० मतपत्रिका उघडून दुसरी पसंती पाहिली. २० जणांनी अ ला, १० जणांनी ब ला आणि ७० जणांनी क ला दुसरी पसंती दिली होती.

दुसरी फेरी:
- अ : ४२०
- ब : ३००
- क : २८०

अजूनही कुणी ५०१ वर नाही. आता क बाद. त्याच्याकडे २८० मतपत्रिका आहेत. त्यातल्या ६५ अ कडे गेल्या, २१५ ब कडे. यात ज्या मतपत्रिका आधी ड कडून क कडे आल्या होत्या, त्यांच्यावरची तिसरी पसंती पाहिली जाते. पुढची पसंती एखाद्या बाद झालेल्या उमेदवाराला असेल, तर त्याला वगळून त्याच्या पुढची.

तिसरी फेरी:
- अ : ४८५
- ब : ५१५

ब जिंकला.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज होतो. "म्हणजे ड ला मत देणाऱ्यांना दोनदा मत मिळालं की!" तसं नाही. प्रत्येक फेरीत प्रत्येक मतपत्रिका एकदाच मोजली जाते. अ च्या मतदारांचं मत प्रत्येक फेरीत अ कडेच राहिलं, कारण अ शर्यतीत होता. ड शर्यतीतून गेला, म्हणून त्याच्या मतदारांना उरलेल्यांतून निवड करावी लागली.

अ ला ४०० लोकांचा पाठिंबा होता. पण उरलेल्या ६०० पैकी फार थोड्यांना तो चालणारा होता. मेलबर्नमध्ये साधारण हेच झालं. तिसऱ्या क्रमांकावरच्या लिबरल पक्षाच्या बहुतेक मतदारांनी ग्रीन्सपेक्षा लेबरला वरचा क्रमांक दिला होता.

निकालाच्या रात्री घोळ होत नाही का?

सगळ्या फेऱ्या पूर्ण व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून ऑस्ट्रेलियाचा निवडणूक आयोग प्रत्येक मतदारसंघात शेवटी कोणते दोन उमेदवार उरतील याचा आधीच अंदाज बांधतो. मतदानाच्या रात्री पहिल्या पसंतीची मतं मोजून झाली की, प्रत्येक मतपत्रिकेवर त्या दोघांपैकी कुणाचा क्रमांक वर आहे हे पाहिलं जातं. त्यातून कल कळतो. अंदाज चुकला तर जोडी बदलून पुन्हा मोजावं लागतं. २०२५ मध्ये काही मतदारसंघांत अशी वेळ आली.

ही पद्धत आली कुठून?

आदर्शवादातून नाही, तर पराभवाच्या धक्क्यातून.

१९१८ पर्यंत ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखीच पद्धत होती. ज्याला जास्त मतं, तो विजयी. त्या वर्षी ज्येष्ठ नेते जॉन फॉरेस्ट यांच्या निधनामुळे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. लेबरविरोधी मतं दोन ठिकाणी फुटली. एक नॅशनलिस्ट पक्षाचा उमेदवार, दुसरा शेतकऱ्यांच्या संघटनेचा. दोघांची मतं मिळून ६० टक्क्यांच्या आसपास होती. तरी जिंकले ते सुमारे ३४ टक्के मतं घेणारे लेबरचे एडविन कॉरबॉय. वय २२ वर्षं.

आपल्या भाषेत सांगायचं तर मतविभागणी झाली आणि तिसऱ्याचा फायदा झाला. सत्ताधाऱ्यांनी लगेच कायदा बदलला आणि पसंतीक्रम आणला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हिक्टोरियातल्या कोरंगामाईट पोटनिवडणुकीत तो वापरला गेला. तिथे लेबरचे जेम्स स्कलिन पहिल्या पसंतीत सुमारे ४२ टक्के मतांसह पुढे होते. पुढच्या पसंतीची मतं मोजल्यावर शेतकरी संघटनेचे विल्यम गिब्सन जिंकले. हेच स्कलिन १९२९ मध्ये पंतप्रधान झाले, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे नियम आणणाऱ्यांचा हेतू स्वतःचा फायदा हाच होता. पण नियम कुणा एकाच्या बाजूने कायम राहिला नाही. २०२२ मध्ये पहिल्या पसंतीची मतं लिबरल-नॅशनल आघाडीला जास्त होती, ३५.७ टक्के. लेबरला ३२.६ टक्के. तरी ग्रीन्स आणि इतरांच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीवर लेबरने ७७ जागा जिंकल्या आणि सरकार बनवलं. ज्या पक्षाला रोखायला हा नियम आणला, त्याच पक्षाला १०४ वर्षांनी त्याने सत्तेवर बसवलं.

महाराष्ट्राने हे पाहिलं आहे

१० जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक आठवते? महाराष्ट्रातून सहा जागा, सात उमेदवार. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक यांच्यात लढत होती. पहिल्या पसंतीची मतं पवारांना जास्त, ३३. महाडिकांना २७. तरी खासदार झाले महाडिक, कारण भाजपच्या दोन विजयी उमेदवारांची जास्तीची मतं दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे वळली.

राज्यसभा, विधान परिषद आणि राष्ट्रपतिपद या निवडणुका आपल्याकडे पसंतीक्रमानेच होतात. तुम्ही पदवीधर मतदारसंघात कधी मतदान केलं असेल, तर नावापुढे आकडा लिहिला असेलच.

फरक दोन आहेत. आपल्याकडे बाकीच्या पसंती देणं ऐच्छिक आहे, नुसता १ लिहिला तरी मत वैध. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहासाठी सगळे क्रमांक द्यावे लागतात. दुसरा फरक म्हणजे राज्यसभेत एकाच वेळी अनेक जागा भरतात, म्हणून जिंकायला निम्मी मतं नाही, तर एक ठरलेला कोटा लागतो आणि कोट्यावरची जास्तीची मतं पुढे जातात. ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ सभागृहाची, म्हणजे सिनेटची निवडणूक याच धर्तीवर होते. फक्त तिथे आमदार नाही, थेट जनता मतदान करते.

माझी दुसरी पसंती पक्ष ठरवतो का?

कनिष्ठ सभागृहासाठी, अजिबात नाही. मतदान केंद्राबाहेर पक्षाचे कार्यकर्ते छापील पत्रकं वाटतात. त्यावर "आम्हाला १ द्या, अमक्याला २, तमक्याला शेवटी" असं लिहिलेलं असतं. बातम्यांमध्ये 'पक्षांचा पसंतीचा सौदा' असा उल्लेख येतो, तो या पत्रकांबद्दल असतो. पण पत्रक हा फक्त सल्ला आहे. पेन्सिल मतदाराच्या हातात असते.

सिनेटमध्ये मात्र एक काळ असा होता. १९८४ पासून तिथे मतदार एका पक्षापुढे १ लिहून मोकळा होऊ शकत होता आणि बाकीच्या पसंती त्या पक्षाने आधीच नोंदवलेल्या यादीनुसार जायच्या. छोट्या पक्षांनी आपसात साखळी जुळवली. २०१३ मध्ये व्हिक्टोरियातून 'मोटरिंग एन्थुझिअॅस्ट' नावाच्या पक्षाचे रिकी मुअर सिनेटर झाले. त्यांच्या पक्षाला पहिल्या पसंतीची मतं होती जेमतेम अर्धा टक्का!

२०१६ मध्ये हा प्रकार बंद झाला. आता सिनेटच्या मतपत्रिकेवर रेषेच्या वर किमान ६ पक्षांना किंवा रेषेच्या खाली किमान १२ उमेदवारांना मतदाराने स्वतः क्रमांक द्यावेत, असं मतपत्रिकेवरच सांगितलेलं असतं.

मग या पद्धतीत खोट काहीच नाही?

आहे. सर्वात मोठी म्हणजे बाद मतं. एक आकडा दोनदा लिहिला, मधला एखादा राहून गेला किंवा फक्त फुली मारली, तर कनिष्ठ सभागृहाचं मत बाद होऊ शकतं. २०२२ मध्ये सुमारे ५.२ टक्के मतं बाद ठरली. यात मुद्दाम कोरी टाकलेली मतंही येतात, कारण ऑस्ट्रेलियात १९२४ च्या कायद्याने मतदान सक्तीचं आहे. विनाकारण दांडी मारली तर २० डॉलर दंड.

बाद मतांचं प्रमाण स्थलांतरितांची वस्ती जास्त असलेल्या पश्चिम सिडनीसारख्या भागात वाढलेलं दिसतं. ज्यांनी आयुष्यभर वेगळ्या पद्धतीने मत दिलं, त्यांचा हात सवयीने तसाच चालतो. मेलबर्न किंवा सिडनीत स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेले तुमचे नातेवाईक असतील तर त्यांना हे जरूर सांगा. तिथे एका नावापुढे खूण करून परतलात, तर मत वाया जातं.

त्यात आणखी गोंधळ म्हणजे न्यू साऊथ वेल्स राज्याच्या विधानसभेसाठी नुसता १ लिहिला तरी चालतो. माणूस तोच, शहर तेच, मतदान केंद्रही कदाचित तेच. राज्याच्या निवडणुकीत जे वैध, ते देशाच्या निवडणुकीत बाद.

आता दुसरा नियम: मतदारसंघ कोण आखतं?

समजा मतपत्रिका निर्दोष आहे, मोजणी चोख आहे. पण एका मतदारसंघात ५० हजार मतदार आणि शेजारच्या मतदारसंघात दीड लाख. दोन्हीकडून एकच खासदार. मग एकाचं मत दुसऱ्याच्या तीन मतांइतकं झालं. पसंतीक्रमाने हे दुरुस्त होत नाही. ते दुरुस्त करायचं काम सीमा आखणाऱ्यांचं.

ऑस्ट्रेलियात हे काम दोन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा: कोणत्या राज्याला किती जागा?

हे दर संसदेच्या काळात पुन्हा मोजलं जातं. नवं सभागृह पहिल्यांदा भरल्यानंतर एक वर्षाने निवडणूक आयुक्त ताज्या लोकसंख्येवरून हिशोब मांडतात. सहा राज्यांची एकूण लोकसंख्या भागिले १४४. १४४ का? राज्यांचे सिनेटर ७२ आहेत आणि कनिष्ठ सभागृह सिनेटच्या साधारण दुप्पट असावं असं राज्यघटना सांगते. या भागाकाराने आलेल्या आकड्याने प्रत्येक राज्याची लोकसंख्या भागायची. जो आकडा येईल तितक्या जागा.

एक अपवाद आहे. संघराज्यात सुरुवातीपासून असलेल्या कोणत्याही राज्याला पाचपेक्षा कमी जागा देता येत नाहीत. त्यामुळे टास्मानिया या छोट्या बेटाला लोकसंख्येच्या मानाने जास्त, म्हणजे ५ जागा मिळतात. देशात एका मतदारसंघात सरासरी १ लाख २० हजारांच्या आसपास मतदार असतात, टास्मानियात साधारण ८० हजार. 'एक मत, एक मूल्य' या तत्त्वाला ऑस्ट्रेलियाने स्वतःच दिलेली ही सूट आहे.

दुसरा टप्पा: राज्याच्या आत सीमा कुठे?

पुनर्रचना तीन कारणांनी सुरू होते. राज्याच्या जागा वाढल्या किंवा कमी झाल्या तर. राज्यातले एक तृतीयांशहून जास्त मतदारसंघ सरासरीपासून १० टक्क्यांहून जास्त ढळले आणि दोन महिन्यांहून अधिक तसेच राहिले तर. किंवा शेवटच्या पुनर्रचनेला सात वर्षं झाली तर. थोडक्यात, सरकारच्या मनात आलं म्हणून ती सुरू होत नाही आणि नको वाटलं म्हणून थांबत नाही.

समितीत कोण बसतं?

चार जण. देशाचे निवडणूक आयुक्त, त्या राज्यातले आयोगाचे मुख्य अधिकारी, राज्याचे सर्व्हेअर जनरल आणि राज्याचे महालेखापरीक्षक. खासदार नाही, मंत्री नाही, पक्षाचा प्रतिनिधी नाही.

प्रक्रिया अशी चालते:

- आधी जनतेकडून सूचना मागवतात. ३० दिवस.
- आलेल्या सूचना जाहीर होतात. त्यावर कुणीही मत देऊ शकतं. १४ दिवस.
- समिती प्रस्तावित नकाशा आणि त्यामागची कारणं प्रसिद्ध करते.
- त्यावर हरकती. २८ दिवस. हरकतींवर पुन्हा उत्तरं, १४ दिवस.
- हरकतींचा निर्णय मोठी समिती घेते. त्यात आयोगाचे अध्यक्ष आणि आणखी एक सदस्य येऊन मिळतात. अध्यक्षपदी आजी किंवा माजी न्यायाधीश असतात.
- ही समिती जो नकाशा ठरवेल तो अंतिम. संसदेची मंजुरी लागत नाही.

मोठे पक्ष सूचना देतात, अगदी जाडजूड. पण त्यांची सूचना ज्या ढिगाऱ्यात जाते, त्याच ढिगाऱ्यात एखाद्या निवृत्त शिक्षकाचीही जाते आणि दोन्ही सर्वांना वाचता येतात.

नकाशा आखताना आकड्यांची चौकट पक्की असते. सध्याचे मतदार सरासरीच्या १० टक्के वर-खाली चालतात. म्हणजे सरासरी १ लाख २० हजार असेल तर १ लाख ८ हजार ते १ लाख ३२ हजार. शिवाय साधारण साडेतीन वर्षांनंतर किती मतदार असतील याचा अंदाज घेतात. तो अंदाज सरासरीच्या ३.५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. आज नवी वसाहत उभी राहतेय, तिथे तीन वर्षांत हजारो कुटुंबं येणार, हे आजच हिशोबात धरलं जातं.

या चौकटीत बसवून मग इतर गोष्टी पाहतात. लोकांचे सामाजिक आणि आर्थिक हितसंबंध, दळणवळण, नद्या-डोंगर, क्षेत्रफळ. जुन्या सीमांचा विचार होतो, पण सर्वात शेवटी. मतदारसंख्या समान ठेवली की क्षेत्रफळ कसं बदलतं पाहा. पश्चिम ऑस्ट्रेलियातला ड्युरॅक मतदारसंघ चार महाराष्ट्रांहून मोठा आहे आणि सिडनीतले काही मतदारसंघ ४० चौरस किलोमीटरही नाहीत.

खासदाराचा मतदारसंघच गायब!

२०२३ च्या हिशोबात न्यू साऊथ वेल्सची एक जागा गेली, व्हिक्टोरियाची एक गेली आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला एक मिळाली. एकूण जागा १५१ वरून १५० झाल्या. २०२४ मध्ये नकाशे अंतिम झाले.

सिडनीतला नॉर्थ सिडनी मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. अपक्ष खासदार कायली टिंक यांची जागाच उरली नाही. मेलबर्नमधला हिगिन्स मतदारसंघही गेला. तो तर सत्ताधारी लेबर पक्षाच्या मिशेल आनंदा-राजा यांचा होता. पुढे त्या सिनेटवर निवडून गेल्या. सत्तेत असूनही पक्षाला आपली जागा वाचवता आली नाही, यावरून या समितीचं वजन कळतं.

पर्थच्या पूर्वेकडे नवा मतदारसंघ तयार झाला. नाव बुलविंकल. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये बांका बेटावर जपानी सैनिकांनी ऑस्ट्रेलियन परिचारिकांची हत्या केली होती. त्यातून वाचलेल्या एकमेव परिचारिका व्हिव्हियन बुलविंकल यांच्यावरून हे नाव दिलं.

नॉर्थ सिडनीचा काही भाग शेजारच्या ब्रॅडफिल्डमध्ये गेला. २०२५ मध्ये तिथे पहिल्या पसंतीत लिबरलच्या जिझेल कपटेरियन पुढे होत्या. सगळ्या फेऱ्या झाल्यावर त्यांची आघाडी उरली ८ मतांची. फेरमोजणी झाली आणि अपक्ष निकोलेट बोएल २६ मतांनी जिंकल्या. इतक्या थोड्या मतांवर निकाल फिरतो, तेव्हा सीमेच्या आत आलेली एखादी गल्लीही महत्त्वाची ठरते.

सीमा वाकड्या असतील तर काय होतं?

याचंही उत्तर ऑस्ट्रेलियातच आहे. साऊथ ऑस्ट्रेलिया राज्यात थॉमस प्लेफोर्ड १९३८ ते १९६५ सलग राज्यप्रमुख होते. तिथल्या विधानसभेच्या ३९ जागांपैकी २६ ग्रामीण भागाला आणि फक्त १३ राजधानी अॅडलेडला दिल्या होत्या. राज्यातले निम्म्याहून जास्त लोक मात्र अॅडलेडमध्ये राहत होते.

१९६२ मध्ये लेबरला पहिल्या पसंतीचीच सुमारे ५४ टक्के मतं मिळाली. जागा १९. बहुमताला एक कमी. दोन अपक्षांच्या जोरावर प्लेफोर्ड सत्तेत राहिले. लक्षात घ्या, मतदान तेव्हाही पसंतीक्रमानेच होत होतं. मतपत्रिका चांगली होती, नकाशा नव्हता.

ही व्यवस्था मोडली ती प्लेफोर्ड यांच्याच पक्षाच्या स्टील हॉल यांनी. राज्यप्रमुख झाल्यावर त्यांनी विधानसभा ४७ जागांची केली आणि शहराला न्याय दिला. १९७० च्या निवडणुकीत ते स्वतः हरले.

सरळ सीमा आणि चांगली मतपत्रिका, मग प्रश्न संपले?

नाही. एक तिसरी गोष्ट उरते: एका मतदारसंघातून किती जण निवडायचे?

२०२५ मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची ३४.६ टक्के मतं आणि १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. ग्रीन्सला देशभरात १२ टक्क्यांच्या आसपास मतं आणि जागा एक. नियम सगळे पाळले गेले, तरी संसदेतला वाटा मतांच्या वाट्यासारखा दिसत नाही. कारण एकच जागा असली की पसंतीक्रम शेवटी दोघांतला जास्त चालणारा उमेदवार शोधतो. तिसऱ्याला त्याच्या ताकदीइतका वाटा देणं हे त्याचं कामच नाही.

टास्मानियात हा फरक स्पष्ट दिसतो. तिथले पाच मतदारसंघ संसदेसाठी आणि राज्याच्या विधानसभेसाठी सारखेच आहेत. संसदेसाठी प्रत्येकातून १ जण, विधानसभेसाठी ७ जण. मे २०२५ च्या संसदीय निवडणुकीत ग्रीन्सला तिथे एकही जागा मिळाली नाही. दोनच महिन्यांनी विधानसभेत ३५ पैकी ५ मिळाल्या. दोन निवडणुकांचे मुद्दे आणि उमेदवार वेगळे होते आणि मतांचे आकडेही थोडे बदलले. पण दोन्हीकडे पक्षाची मतं १० ते १५ टक्क्यांच्या पट्ट्यातच होती. सीमा त्याच, मतपत्रिकेवर आकडेही तसेच. बदलली ती जागांची संख्या.

भारतात काय वेगळं आहे?

आपल्याकडेही मतदारसंघ पुनर्रचनेसाठी स्वतंत्र आयोग नेमला जातो. सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. महाराष्ट्रातले लोकसभेचे ४८ मतदारसंघ आज ज्या सीमांवर उभे आहेत, त्या २००१ च्या जनगणनेवरून आखून २००८ मध्ये लागू झाल्या.

पण दोन मोठे फरक आहेत. आपल्याकडे प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात. त्यांना मताचा अधिकार नसतो, पण ते टेबलावर असतात. ऑस्ट्रेलियात राजकारण्यांनी अर्ज द्यायचा, सामान्य माणसासारखा.

दुसरा फरक काळाचा. कोणत्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हे १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं गेलं. आधी १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने, मग ८४व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. कारणही साधं नव्हतं. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली, त्यांच्या जागा कमी होऊ नयेत असा हेतू होता. दक्षिणेकडच्या राज्यांची आजची भीती तीच आहे.

ऑस्ट्रेलियात दर संसदेला एक-दोन जागा इकडच्या तिकडे होतात. कुणीतरी नाराज होतं, पण देश हादरत नाही. पन्नास वर्षं थांबलेला हिशोब एकदम मांडायचा झाला, की तोच प्रश्न राज्याराज्यांतल्या भांडणाचा होतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पसंतीक्रम मतदानात जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. पहिल्या फेरीत पुढे असणं पुरेसं नाही.
- एका मतदाराचं एकच मत असतं. त्याचा उमेदवार बाद झाला तर ते पुढच्या पसंतीकडे जातं.
- मतविभागणीचा फटका यामुळे कमी होतो, पण छोट्या पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतीलच असं नाही. त्यासाठी एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडावे लागतात.
- सीमा वाकड्या असतील तर कोणतीही मतपत्रिका निकाल सरळ करू शकत नाही.
- म्हणून पुनर्रचनेची बातमी आली की तीन प्रश्न विचारा: सीमा कोण आखतंय, कोणत्या आकड्यांवरून आखतंय आणि हरकत घ्यायला तुम्हाला किती दिवस दिलेत?